पळसापाशी पडणारा गिअर

आरमोरीत शालिकरामला सगळे मोठ्या गाडीवाला म्हणत. गाडी त्याची नव्हती. ती लाकडाचे ठेकेदार गुणवंतराव यांची. पण गुणवंतराव मागच्या गादीवर पेंगत बसत आणि लोकांना दिसे तो पुढचा शालिकरामच, म्हणून नाव त्याच्याकडे गेले. माणूस मुळात वाकलेला, डोळे कायम तांबडे, मान किंचित डावीकडे कललेली. बाजारात कोणी तरी हमखास विचारी, "शालिकभाऊ, झोपले हा का गाडी चालवून राह्यले?"

"दोन्ही," तो म्हणे, आणि पुढे जाई.

तो ढिवराच्या घरचा. बाप तलावात जाळे टाकी, आई मासळी विकी. मोठा झाल्यावर शालिकराम वैनगंगेच्या घाटावर लागला. नदीवर पूल नव्हता, अजूनही नाही. दोन नावा शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकत आणि त्या फळ्यांवरून लाकडाचे ट्रक पलीकडे नेत. नाव लागली की ट्रक वाळूतून वर चढवायचा. पण ट्रकचे ड्रायव्हर रात्रभर जंगलातून आलेले, कोणी झोपलेला, कोणी प्यालेला. मग घाटावरची माणसेच ट्रक वर चढवत. शालिकराम गाडी चालवायला असा शिकला, आधी वाळूत आणि मग रस्त्यावर. पुढे गुणवंतरावांनी त्याला आपल्या ट्रकवर घेतले. धानोरा, मुरूमगाव, त्या बाजूचे जंगलातले रस्ते त्याने इतकी वर्षे तुडवले की कंबर कामातून गेली. उतरताना तो आधी दार धरी, मग एक पाय, मग दुसरा, आणि मग काही वेळ तसाच उभा राही.

जमीनदाऱ्या गेल्या तेव्हा एका जमीनदाराच्या घरची अमेरिकन गाडी विकायला निघाली. गुणवंतरावांनी ती घेतली. तेव्हाच ती जुनी होती, पण लांबरुंद, काळी, आत शिरले की बाहेरचा आवाज बंद. तिला क्लच नव्हता. पहिले काही महिने शालिकरामचा डावा पाय सवयीने रिकाम्या जागी दाबला जाई आणि गुणवंतराव मागून विचारत, "काय तुडवून राह्यला बे?"

ट्रकमध्ये गिअर केव्हा बदलायचा हे ड्रायव्हर ठरवतो. या गाडीत ते गाडीच ठरवी. शालिकरामला हे प्रथम अपमानासारखे वाटले, मग त्याला त्याची गोडी लागली. त्याने मला एकदा सांगितले होते की पायाखालच्या वेगाच्या पायटीपासून एक बारीक सळई गिअरच्या पेटीपर्यंत जाते. तिच्या टोकाला आटे असतात. सळई आट्यांवर थोडी लांब केली की गिअर उशिरा पडतो, पण घट्ट पडतो. आखूड केली की लवकर पडतो आणि अलगद पडतो. फार उशिरा पडला तर आतल्या माणसाला धक्का बसतो. फार लवकर पडला तर गिअर नीट धरत नाही, आतल्या आत घासतो आणि जळतो. या दोहोंच्या मधली जागा शोधायची.

ती शोधायला त्याच्याजवळ घड्याळ नव्हते की दुसरे कसले यंत्र. तलावाची पाळ होती. पाळीवर सरळ रस्ता, आणि काठाने झाडे. धुण्याच्या दगडापासून हलक्या पायाने गाडी सोडली की दुसरा गिअर चिंचेपाशी, तिसरा पळसापाशी, चौथा सिंदीच्या पुढे. पळस सगळ्यांत महत्त्वाचा. तिसरा गिअर पळसापाशी पडला पाहिजे, आणि पडला हे कळता कामा नये. तसे झाले की तो पाना पुसून ठेवी.

आमचा आणि त्या गाडीचा संबंध आमच्या मुलीमुळे, वच्छलेमुळे आला. हे शाळेत मास्तर, आमची ऐपत बैलबंडीपुरती. वच्छला दहा वर्षांची असताना तिला संध्याकाळी ताप येऊ लागला, मग पाठ दुखू लागली, मग वाकताना ती हात गुडघ्यावर ठेवू लागली. मला वाटले खेळताना पडली असेल. नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले, मणक्याचा क्षय. त्यांनी प्लास्टरचा साचा करून दिला. त्या साच्यात ती दिवसरात्र उताणी असायची. तिथून घरी यायला गुणवंतरावांनी आपणहून गाडी दिली. तो उन्हाळा होता. मागच्या गादीवर वच्छला आडवी, मी खाली पायांशी. सबंध वाट मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि ती झोपली होती. मी शालिकरामला तसे म्हटले तेव्हा तो म्हणाला, "बाई, मीबी झोपलोच होतो." मला हसू आले नाही. नंतर आले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. इंजेक्शने चालू होती. पौषात एके दिवशी वच्छला म्हणाली, आई, पायाला मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी म्हणाली, डाव्या पायाची बोटे माझी वाटत नाहीत. डॉक्टरांनी मला आधीच बजावून ठेवले होते. असे झाले तर तिला ताबडतोब आणायचे, आणि आणताना धक्का बसू द्यायचा नाही. मणका आधीच पोखरलेला आहे. सरकला तर पाय जातील आणि मग ते परत येणार नाहीत.

नागपूरला जायला ब्रह्मपुरीहून छोटी रेल्वे होती, पण तिच्यात धडधाकट माणसाचे दात वाजतात. बसचा प्रश्नच नव्हता. राहिली मोठी गाडी. हे गुणवंतरावांकडे गेले. ते म्हणाले, "गाडी तुमचीच समजा मास्तर. पण शालिकले पुसून घ्या. काई तरी बिघडली म्हनते."

शालिकराम गाडी घेऊन दारी आला आणि मला म्हणाला, "बसून पाहा बाई." मी बसले. शाळेच्या वळणापर्यंत तीन वेळा गाडीने असा हिसका दिला, जणू मागून कोणी बैलाने धडक मारली. तिसऱ्याला माझी जीभ चावली गेली. शालिकरामने गाडी वळवली. परत आणून सोडताना म्हणाला, "सळई पाहाची हाय. दोन-तीन सकाळा द्या मले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीवर जाऊन उभी राहिले. मी तिथे यावे हे त्याला आवडले नव्हते, पण घरी बसणे माझ्याने होत नव्हते. धुके तलावावरून उठत होते. त्याची बायको गोकुळा आलेली होती. तो तिला म्हणाला, "मागं निजजो. उताणी. पोरीवानी."

"या पांढऱ्या गादीवर? माह्या लुगड्याले चिखल हाय."

"असू दे. तुही कंबर धानाच्या रोवन्यानं मोडली हाय, तुले बरोबर समजते. जिथी लागन तिथी बोलजो."

गोकुळा पायांतल्या वहाणा काढून आत शिरली आणि मागच्या गादीवर आडवी झाली. मी दाराशी बसले. शालिकरामने धुण्याच्या दगडापासून गाडी सोडली. चिंच मागे गेली आणि गाडी खेचतच राहिली. पळस यायच्या बेतात असताना दुसरा गिअर पडला, धाडकन.

"लागलं," गोकुळा म्हणाली.

पळसाच्या बऱ्याच पुढे गेल्यावर तिसरा.

"लागलं. माहेरी जाताना बंडीत लागत नाई एवढं."

"मोजून राह्यली का रडून राह्यली?"

"दोन्ही," गोकुळा म्हणाली. नवऱ्याचे बोलणे ती त्यालाच परत देई.

त्याने गाडी थांबवली, उतरताना दार धरून उभा राहिला, मग पोते अंथरून गाडीखाली गेला. आट्यांवर सळई आखूड केली. पुन्हा धुण्याच्या दगडापासून. पुन्हा थोडी आखूड. सकाळभर आम्ही त्या पाळीवर येरझारा घातल्या. हळूहळू तिसरा गिअर मागे येत पळसापाशी आला. गोकुळा म्हणाली, "आता नाई लागत." मला रडू येईल असे वाटले. मी घरी जाऊन वच्छलेला सांगितले, गाडी झाली.

दुपारी शालिकराम सहज एकदा बघावे म्हणून गाडी घेऊन आला. मला बसवून पाळीवर नेले. आता धक्का नव्हता, पण दुसरेच काही तरी होते. इंजिन ओरडे आणि गाडी मागे राही. गिअर चिंचेच्याही आधी पडत होता आणि धरत नव्हता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "असं कराले नाई पाहिजे हिनं." त्याने सळई परत लांब केली. मग दुपारी ती चांगली चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हिसके.

असे पुन्हा पुन्हा झाले. सकाळी बसवले की दुपारी बिघडे, दुपारी बसवले की सकाळी. शालिकरामच्या हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट वाढले. गाडीखालून निघताना तो आता बराच वेळ बसून राही. एकदा म्हणाला, "बाई, सकाळची गाडी येगळी हाय, दुपारची येगळी."

"तुमच्यावानीच," गोकुळा म्हणाली. "सकाळी उठत नाई, दुपारी आयकत नाई."

घरी वच्छला रोज विचारत होती, आज जायचे का. मी रोज तिच्या पायाची बोटे हातात घेऊन तिला हलवायला सांगत होते. उजवी हलत. डावी आधी हलत, मग थोडी हलत, मग ती तोंड वाकडे करून प्रयत्न करी आणि फक्त अंगठा हले. मी तिला म्हणे, छान. आणि पाळीवर येऊन उभी राही.

त्या सकाळी थंडी विशेष होती. शालिकराम गाडीखाली, गोकुळा उन्हाच्या तुकड्यात पाळीवर बसलेली. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. पदरात बांधून आणलेली एक डबी तिने उघडली आणि बोटाने आतले पांढरे काही तरी खरवडून टाचेला चोळू लागली. मी विचारले, "तूप लावतेस की काय?"

"तूप कुठचं बाई. टोळीचं तेल. मोहाच्या बियांचं. उन्हाळ्यात पान्यावानी रायते, थंडीत असं थिजते. उन्हात ठेवलं का मंग पातळ." तिने डबी उन्हात सरकवली आणि गाडीकडे तोंड करून सहज विचारले, "अवो, उन्हाळ्यात गाडीले माह्याजवळून नेलं होतं ना तुमी हे? का बैलबंडीच्या कण्याले नेलं होतं?"

गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला.

मी गोकुळाकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिच्या लक्षात आले की हे बोलायचे नव्हते. शालिकराम गाडीखालून सरपटत निघाला, आत जाऊन बसला, पायांखालची चटई उचलली. या गाडीत गिअरच्या पेटीतले तेल पाहायची पट्टी पायांखालीच होती. एक लहानसे झाकण काढून त्याने ती पट्टी वर ओढली आणि उजेडाकडे धरली. पट्टीवर तेल होते, पण ते खाली ओघळत नव्हते. हिवाळ्यात भांड्याच्या काठाला तूप चिकटते तसे ते पांढुरके चिकटून बसले होते.

"पाहा," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कळले नाही.

मग त्याने सांगितले. गिअरच्या पेटीचे तेल वेगळे असते, ते मुंबईहून येते. उन्हाळ्यात पेटी गळत होती. त्याने मालकाला दोनदा सांगितले. मालक म्हणाले, आणू. मग एक दिवस गुणवंतरावांना ताबडतोब चांद्याला जायचे होते आणि पट्टी जवळजवळ कोरडी निघाली. बंडीच्या कण्याला जे तेल चालते, नावेच्या सांध्याला जे चालते, ते फडक्यातून गाळून त्याने पेटीत ओतले. गाडी पहिल्यापेक्षा हळुवार चालली. त्याला वाटले, मुंबईवाल्यांना काय कळते. मग जेव्हा जेव्हा कमी झाले तेव्हा तेव्हा त्याने तेच ओतले.

"तुमी ढिवराचे लेक," गोकुळा म्हणाली. "थंडीत टोळीचं तेल थिजते हे लेकराले ठाऊक हाय. तुमाले नाई?"

"ठाऊक हाय वो. पन पेटीत आग रायते. म्या म्हटलं, आत काय थंडी लागनार हाय."

"रातभर उभी रायते ना गाडी. राती तिच्या पोटात कोन निजते?"

मला राग यायला हवा होता. पण मी इतकी थकले होते की रागापर्यंत पोचलेच नाही. मी फक्त विचारले, "आता काय करायचं शालिकभाऊ?"

नवे तेल मुंबईहून मागवायचे, पेटी उघडून धुवायची, जुन्याचा थेंब राहू द्यायचा नाही, मग भरायचे. आणि आधी मालकाला सांगायचे. त्याने हे सगळे एकामागून एक सांगितले आणि मग विचारले, "पोरीचे पाय कसे हायेत?"

"डाव्याची बोटं आज हलली नाहीत."

त्याने पट्टी पुसून परत खाली सरकवली. मग म्हणाला, "मंग तेल आनाले येळ नाई." आणि गोकुळाकडे वळला. "बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवता ना तुमी?"

"ठेवतो."

"तशीच हिच्या पोटाखाली ठेवाची. पेट्रोलची टाकी मागं हाय, आपन मधात ठेवू. राखेखालचे निखारे, उघडे नाई."

"अना भडकली तं?"

"तं मले सांगाले थांबजो नोको. पळजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात मोठी गाडी उभी होती आणि तिच्या पोटाखाली मातीच्या शेगड्यांत राखेने झाकलेले निखारे. गोकुळा बाजूला उकिडवी बसून सुपाने वारा घालत होती, भडकू नये म्हणून जेमतेम. येणारेजाणारे थांबून विचारत होते, काय वो गोकुळा, मुलगा का मुलगी. ती म्हणाली, "अजून झालं नाई. कळा देऊन राह्यली." शालिकराम मधूनमधून चटई उचलून पट्टी पाही. तेल ओघळू लागले तेव्हा त्याने शेगड्या काढायला लावल्या, गाडी चालू केली आणि एकटाच पाळीवर गेला. आल्यावर मला म्हणाला, "बाई, आता पोरीले काई लागनार नाई. तुमी मले रस्त्यात काई पुसू नोका."

वच्छलेला साच्यासकट गादीवर ठेवले. मी खाली बसले, हे पुढे. निघालो तेव्हा ऊन चांगले चढले होते. मी श्वास धरून पहिल्या गिअरची वाट पाहत होते. तो आला नाही असेच वाटले. मग समजले की गाडी पुढे गेली आहे, आवाज बदलला आहे, आणि वच्छलेच्या कपाळावरचा केसही हललेला नाही.

घाटावर शालिकरामच्या जुन्या ओळखीचे लोक होते. त्याने गाडी नावेवर चढवली ती इंजिन लावून, पण पलीकडच्या काठाला इंजिन लावलेच नाही. वाळूवर बांबूच्या तट्ट्या अंथरल्या, गाडीला दोर बांधले आणि नाववाल्यांनी ती ओढत वर नेली. एक म्हातारा नाववाला दोर खांद्यावर घेता घेता म्हणाला, "शालिक, तुही गाडी आता बैलाची झाली का रे?"

"बैल तं हळू ओढते," शालिकराम म्हणाला. "तुमीबी हळू ओढा."

तेव्हा मला वाटले, मुलीला धक्का नको म्हणून हे करतो आहे. ते होतेच. पण वाळू चढताना गाडीला जोर लावावा लागला असता, आणि त्या सळईवर आता जोर शिल्लक नव्हता. ती त्याने इतकी आखूड केली होती की गिअर अलगद पडत होते आणि पडताना थोडे थोडे जळत होते. हे मला नंतर कळले.

नागभीड गेले, भिवापूर गेले. वच्छला झोपे, उठे, पाणी मागे. भिवापूरच्या पुढे गाडीत एक वास येऊ लागला, चामडे आणि जळलेली फोडणी यांच्या मधला. यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी शालिकरामला काही विचारले नाही, त्याने नको म्हटले होते. प्रत्येक गिअरला आता इंजिन आधी वर ओरडे आणि मग गाडी सावकाश त्याला गाठी. उमरेडला त्याने गाडी सावलीत उभी केली, पट्टी काढून पाहिली, वास घेतला, पुसून परत ठेवली. यांनी विचारले, "पोचू ना?"

"पोचू," तो म्हणाला. "घाई नाई कराची."

दिवस बुडता बुडता आम्ही इस्पितळाच्या फाटकाशी आलो. फाटकातून आत लहानसा चढ आहे. गाडी त्या चढाला लागली, इंजिन ओरडले, आणि चाके जागची हलली नाहीत. त्याने ब्रेक दाबून धरला. मागे घसरू दिली नाही, आणि हे इतक्या अलगद केले की वच्छलेने विचारले, आलो का. त्याने मान न वळवता म्हटले, "आलो माय."

स्ट्रेचर गाडीपर्यंत आणले. डॉक्टरांनी वच्छलेच्या तळव्यावर किल्ली ओढली, गुडघ्यावर टिचकी मारली, फोटो काढले. मणका होता तिथेच होता. मज्जारज्जूवर पू दाबत होता म्हणून बोटे गेली होती. तो काढला तर परत येतील, सगळी नसली तरी. काय सांगायचे ते त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि हेही म्हणाले की वाटेत मणका सरकला असता तर त्यांना करायला काही उरले नसते.

मी बाहेर आले. गाडी कोणी कोणी ढकलून भिंतीशी लावली होती. शालिकराम पायरीवर बसला होता. त्याने विचारले, "काय म्हनते डाक्टर?"

मी सांगितले. त्याने मान हलवली. मी म्हटले, "गाडीचं काय झालं?"

"गिअर जळले. आता हे नाई चालत."

"दुरुस्त होईल?"

"इथी कोनाले येत नाई. मुंबईले येते असंन." थोड्या वेळाने म्हणाला, "म्या सळई फार आखूड केली होती बाई. धक्का द्याचा नसंन तं गिअर जळते. गिअर वाचवाचा असंन तं धक्का बसते. ते तेल असं, त्याच्यात मधलं काई नाई भेटलं."

"आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तं मास्तर मालकाले पुसाले गेले असते. मालक नाई म्हनले असते." तो पायरीवर हात टेकून उठला. "अना गाडी तं म्या उन्हाळ्यातच मारली होती. मेलेल्या बैलाकडून एक खेप करून घेतली, आनखी काय."

गुणवंतराव आमच्याशी वाईट वागले नाहीत. मुलीची चौकशी करायला ते फळे घेऊन आले. पण टोळीच्या तेलाचे त्यांना कळले, शालिकरामनेच सांगितले. तेव्हा ते त्याला म्हणाले, "ट्रकवरबी नोको येऊ." हे दोनदा त्यांच्याकडे रदबदली करायला गेले. गुणवंतराव म्हणाले, "मास्तर, तुमची पोरगी वाचली, चांगलं झालं. पन मले न पुसता माही गाडी खर्ची घातली त्यानं." हे उठून घरी आले. गाडी नागपूरला कोणाच्या तरी आवारात उभी होती, मग तिचे काय झाले कळले नाही.

सरकारी बसवर ड्रायव्हर घेत होते. मी शालिकरामला म्हटले, अर्ज करू. तो म्हणाला, "बसले क्लच हाय बाई. डाव्या पायानं आता दाबनं होत नाई. सवय गेली, कंबरबी गेली." तो घाटावर परत गेला, जिथून निघाला होता तिथेच, पण आता पन्नाशी उलटलेली. सकाळी थंडीत उभा राहून दोर ओढतो. गोकुळा म्हणते, रात्री त्याला कुशीवर वळवावे लागते.

वच्छला वर्षभर साच्यात होती, मग पाठीच्या पट्ट्यात. आता ती चालते. दुखते म्हणून एखादी रात्र जागते, आज जागली, आणि मग मलाही झोप येत नाही. मागच्या महिन्यात तिला दाखवायला नागपूरला नेले, या वेळी ब्रह्मपुरीहून रेल्वेने, डॉक्टरांनी परवानगी दिली होती. घाटावर शालिकराम होता. त्याने फळी नीट बसवली आणि बाजूला उभा राहिला. मी वच्छलेचा हात धरायला गेले तर तिने तो सोडवून घेतला आणि एकटी फळीवरून नावेत गेली. तो तिच्या पायांकडे पाहत होता.

"डावा अजून ओढते," तो म्हणाला.

"हो," मी म्हटले. "ओढणारच, डॉक्टर म्हणाले."

"ओढू द्या," तो म्हणाला, आणि वाकून दोर सोडला.